मिठाच्या पुड्यावरच्या दोन तारखा

मागील शैक्षणिक वर्षात इयत्ता नववीच्या 42 मुलामुलींना हृदयविकाराच्या प्रतिबंधाविषयी शिकवायचे मी ठरवले, तेव्हा विज्ञानाचे दोन तास त्याला पुरतील असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात ते काम जुलैत सुरू झाले आणि वार्षिक परीक्षेपर्यंत चालले. त्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिचा त्रास एका घराला सोसावा लागला. ती चूक निस्तरता निस्तरताच मला उमगले की, या वयाच्या मुलांना रोगाची माहिती देऊन थांबले तर ती माहिती वहीतच राहते. पण घरात, दुकानदाराकडे, ग्रामपंचायतीत जाऊन काय मागायचे आणि कसे मागायचे हे शिकवले, तर मुले तीच माहिती आपण होऊन शोधून काढतात. हे काम करू इच्छिणाऱ्या इतर शिक्षकांना उपयोग व्हावा, म्हणून ते जसे घडले तसे लिहीत आहे.

आमची शाळा सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्याच्या द्राक्षपट्ट्यातील एका गावात आहे. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गल्लीतील 41 वर्षांचे एक बागायतदार दुपारी बागेतून घरी आले, छातीत जळजळते म्हणून सोप्यात आडवे झाले आणि संध्याकाळी उठले नाहीत. बाहेरून पाहता माणूस धडधाकट होता, पूर्वी तालमीत घुमलेला होता. त्या दिवसानंतर मी जे मिळेल ते वाचू लागले. 1953 साली कोरियाच्या युद्धात मृत्युमुखी पडलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. त्यांचे सरासरी वय 22 होते आणि त्यांच्यापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये रोगाच्या खुणा सापडल्या होत्या. पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील बोगालुसा या गावी लहान मुलांपासून सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासातही, रक्तवाहिन्यांत चरबीच्या रेषा बालपणापासूनच उमटू लागतात, असे दिसून आले. 52 देशांतील रुग्णांचा एक मोठा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातून, आपल्या दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधी येतो, हे पुढे आले. म्हणजे ज्या रोगाकडे आपण पन्नाशीनंतरचा म्हणून पाहतो, त्याची सुरुवात माझ्या वर्गातील बाकांवर बसलेल्या मुलांच्या वयात होते. आठवीच्या विज्ञानात मुले हृदयाचे चार कप्पे शिकतात, आकृती काढतात, नावे देतात. पण त्या आकृतीचा घरातल्या फोडणीशी काही संबंध आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

जुलैच्या शेवटी मी पहिला तास घेतला. प्रोजेक्टरवर चरबी साचून अरुंद झालेल्या रक्तवाहिनीची चित्रे दाखवली, मीठ, तेल, तंबाखू, बैठी सवय अशी यादी फळ्यावर लिहिली आणि बोलण्याच्या भरात म्हणाले, “हा रोग आपण आपल्याच ताटातून ओढवून घेतो.” वाक्य ठसठशीत होते, मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र पेन बाजूला ठेवून खाली मान घालून बसली होती. मी ते पाहिले आणि पुढे गेले. तिच्या वडिलांना दोन महिन्यांपूर्वी झटका येऊन मिरजेत अँजिओप्लास्टी झाली होती, हे मला ठाऊक असायला हवे होते. ते मी विचारलेच नव्हते.

चार दिवसांनी तिची आई शाळेत आली. बागेतून थेट आली होती, हाताला डहाळ्यांचा चीक तसाच होता. शिक्षकांच्या खोलीत ती बसायला तयार होईना. दारातच उभी राहून म्हणाली, “बाई, एक इचारायचं हुतं. पोरगी चार दिस माझ्या हातचं खाईना झालीया. म्हणतीया, तुझ्या हातचं खाऊनच आप्पांना झालं, शाळंत बाईंनी सांगितलंय. खरं हाय का वो ते?”

मी तिला खुर्चीवर बसवले आणि तिच्याशी तासभर बोलले. त्यातून कळले की, तिच्या नवऱ्याला सहा वर्षांपूर्वी एका शिबिरात रक्तदाब जास्त असल्याचे सांगितले होते आणि गोळी लिहून दिली होती. पण डोके दुखले तरच ते ती घेत असत. सोळाव्या वर्षापासून त्यांना माव्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची सवय होती. त्यांच्या वडिलांनाही पन्नाशीच्या आतच झटका आला होता. रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि त्यात घराण्यातून आलेला कल, अशी कितीतरी कारणे या रोगामागे एकत्र येतात. त्यांतली काही माणसाच्या हातात असतात आणि काही नसतात. ताट हा त्यातील एक भाग, आणि ते ताटही एकटी बाई ठरवत नाही. घरात कोणते तेल यायचे, किती यायचे, भाजीला पैसे किती, हे बहुतेक वेळा दुसरेच कोणी ठरवते. हे सारे मी तिला सांगितले. ती ऐकून घेत होती. पण जाताना तिने जे विचारले, ते मला आजही आठवते. ती म्हणाली, “मग हे तुमी पोरीला सांगशिला नव्हं?”

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर मी ते वाक्य मुलांना वहीतून खोडायला सांगितले आणि मी चुकले होते, हेही सांगितले. आजारी पडलेल्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना दोष देण्यासाठी ही माहिती वापरायची नाही, असा नियम आम्ही त्या दिवशी केला. वर्गात सर्वांसमोर वजने घेण्याचे माझ्या मनात होते, तेही मी कायमचे सोडून दिले. जाड मुलाला वर्गासमोर उभे केले, तर तो हृदयाविषयी काही शिकत नाही, तो फक्त शाळा बुडवायला शिकतो. मधल्या सुट्टीत ती मुलगी माझ्याकडे आली. तिला एकच विचारायचे होते: त्या रात्री आप्पांना घाम फुटला होता, जबडा आणि डावा हात दुखत होता, तरी घरात सगळे पित्त झाले म्हणत होते आणि त्यांना लिंबू-सोडा पाजला, तेव्हा आम्ही काय करायला हवे होते? या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला जानेवारी उजाडावा लागला. त्याविषयी पुढे लिहिते.

मग आम्ही मिठापासून सुरुवात केली, कारण मीठ मोजता येते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की, प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट भरलेल्या एका चहाच्या चमच्याहूनही कमी मीठ खावे. मीठ जास्त झाले की रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांवर आघात करत राहतो. मुलांना मी एवढेच काम दिले: घरात मिठाचा नवा पुडा फोडला की त्यावर पेनने तारीख लिहायची, संपला की दुसरी तारीख लिहायची आणि भागाकार करायचा. पाच माणसांच्या घरात 1 किलोचा पुडा 30 दिवसांत संपला, तर माणशी रोजचे 6.7 ग्रॅम होतात. शिफारशीप्रमाणे खायचे तर पाच माणसांना महिन्याला 750 ग्रॅमच्या आतच भागवले पाहिजे. गणिताच्या तासाला पेंगणारी मुलेही हा भागाकार दोन-दोनदा करून पाहत होती, कारण उत्तर त्यांच्या घराचे होते. त्या मुलीचा पहिला पुडा 24 दिवसांत संपला. घरात पाच माणसे. भागाकार आला 8.3 ग्रॅम.

त्यानंतर मुलांच्या शंका सुरू झाल्या आणि त्या माझ्या तयारीपेक्षा पुष्कळ पुढच्या होत्या. एक मुलगा म्हणाला, की हा हिशेब अपुरा आहे, कारण वर्षाच्या चटणीतले मीठ यात धरलेलेच नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते. आमच्याकडे चैत्र-वैशाखात वर्षभराची कांदा-लसूण चटणी डंकावर कुटून आणतात. ती टिकावी म्हणून त्यात मीठ सढळ हाताने घातलेले असते, आणि तीच चटणी घालून केलेल्या आमटीत पुन्हा वरून मीठ पडते. लोणचे, पापड, सांडगे यांचेही तेच. उलट बाजूने पाहता, जनावरांच्या आंबोणात जाणारे मीठही त्याच पुड्यातले असेल तर ते वजा करायला हवे. मुलांनी वहीत तसे रकाने आखले. मग कोणीतरी दुकानातल्या पाकिटांचा विषय काढला. पाकिटांवर मीठ असे लिहिलेले नसते, सोडियम असे लिहिलेले असते, त्यामुळे ते मीठच आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ निघते; 5 ग्रॅम मीठ म्हणजे 2000 मिलिग्रॅम सोडियम. हा एक गुणाकार शिकल्यावर मधल्या सुट्टीत पाकीट उलटे करून वाचणारी मुले मला दिसू लागली. खाणे त्यांनी लगेच सोडले असे नाही, परंतु वाचून खाऊ लागली.

भडंगावर मात्र वर्गात भांडण झाले. सांगलीचे भडंग म्हणजे आमच्या भागाची ओळख, पाहुणा आला की बशी पुढे येते. त्यात मीठ आणि तेल दोन्ही आहे, हे मुलांनाही दिसत होते. पण ते बंद करा असे म्हणायला कोणी धजावेना, आणि मीही म्हटले नाही. ज्या पदार्थाशी माणसाचा अभिमान जोडलेला आहे, त्यावर घाला घातला, तर लोक पदार्थ सोडत नाहीत, सांगणाऱ्याला सोडतात. शेवटी दोन मुलींनी घरी भडंग करताना मीठ वजन करून घातले, तेच पुन्हा निम्म्या मिठात केले, लसूण आणि मेतकूट थोडे वाढवले आणि डबे भरून वर्गात आणले. कोणता डबा कोणता, हे सांगितले नाही. बहुतेकांना फरक ओळखता आला नाही. ज्यांना ओळखता आला, त्यांनीही दुसरी मूठ घेतली.

आमच्या उपकेंद्राचे आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाले आहे आणि तेथे तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासली जाते. गावातील निम्म्याहून अधिक माणसांना ते माहीत नव्हते, किंवा माहीत असूनही, “मला काय धाड भरलीया” म्हणून कोणी जात नव्हते. आम्ही ठरवले की, प्रत्येक मुलाने घरातील एका मोठ्या माणसाला तेथे घेऊन जायचे. घेऊन जाण्यासाठी काय बोलायचे, याचा सराव आम्ही वर्गात केला. “तुम्ही आजारी आहात” असे म्हणायचे नाही, “मला शाळेत नोंद करायची आहे, माझ्याबरोबर चला” असे म्हणायचे. आईवडील मुलाच्या शाळेच्या कामाला सहसा नाही म्हणत नाहीत. तेथील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि आशाताईंनी शनिवारची दुपार खास आमच्यासाठी राखून ठेवली. एकदा मोजून वरचा आकडा 140 च्या किंवा खालचा 90 च्या वर आला, म्हणून लगेच रोग ठरत नाही, शांत बसवून पुन्हा मोजावे लागते, दुसऱ्या दिवशीही मोजावे लागते, हे मुलांनी तेथे उभे राहून पाहिले. आणि एकदा गोळी सुरू झाली की डोके दुखो न दुखो, ती रोज घ्यायची असते, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले. मला या सबंध वर्षातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. वाढलेला रक्तदाब बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, आणि म्हणूनच आमच्या गावांत तो अंगावर काढला जातो.

एका मुलाने आपल्या आजीला आणले होते. ती सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. नातवाने आधी तिची मिश्रीची डबी लपवली होती, त्यावरून घरात रडारड झाली होती. मी त्याला समजावले की, कोणाची वस्तू लपवणे हा आपला मार्ग नाही. मग त्याने तिला सरळच सांगितले की, तंबाखू फक्त फुफ्फुस आणि तोंड बिघडवतो असे नाही. तो चघळणाऱ्यांमध्येही हृदयविकाराचे प्रमाण न चघळणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले आहे, असे आम्ही वाचले. आजी म्हणाली, “साठ वरसं लावतीया, आता सोडून काय अमरपट्टा मिळतूय?” तिचा रक्तदाब तिन्ही वेळा जास्त निघाला. गोळी सुरू झाली. मिश्री अजून सुटलेली नाही. नातू रोज रात्री जेवणानंतर तिला गोळी देतो आणि कॅलेंडरवर खूण करतो.

सप्टेंबरमध्ये, 29 तारखेच्या जागतिक हृदय दिनाच्या तयारीत, मुलांनीच शाळेजवळच्या टपरीचा विषय काढला. मी तो काढणार नव्हते, कारण टपरीवाले आमच्याच एका विद्यार्थ्याचे चुलते होते. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, तसेच 18 वर्षांखालील कोणालाही ते विकता येत नाहीत. 100 यार्ड म्हणजे 91 मीटर आणि काही सेंटिमीटर. मुलांनी फाटकापासून रस्त्याने टेप टाकत मोजले, तर अंतर 104 मीटर भरले. वर्ग हिरमुसला. मग एका मुलीने नियम पुन्हा वाचून काढला, तेव्हा तिला दिसले की अंतर फाटकापासून किंवा रस्त्याने मोजायचे नसते. संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चोहोबाजूंनी मोजायचे असते. दुसऱ्या दिवशी मुले मैदानाच्या मागच्या भिंतीपासून, शेजारच्या मोकळ्या परड्यातून टेप घेऊन गेली. अंतर भरले 63 मीटर. मी त्यांच्याबरोबर होते. टेपचे दुसरे टोक धरून उभा असलेला मुलगा तो आकडा वाचून गप्प झाला, कारण टपरी त्याच्याच काकांची होती.

त्या संध्याकाळी आम्ही शाळा सुटल्यावर बराच वेळ बसलो. कायद्याप्रमाणे दंड आहे 200 रुपयांपर्यंत. एक मुलगा म्हणाला, “बाई, एवढं तर ते एका सकाळच्या माव्यात कमवत्यात.” दुसऱ्याने बाल न्याय कायद्याचे कलम शोधून काढले होते. अल्पवयीन मुलाला तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे काकांना सांगून घाबरवावे, असे त्याचे मत होते. मी मुलांना विचारले की, आपल्याला काकांना तुरुंगात घालायचे आहे, की टपरी रेषेपलीकडे न्यायची आहे? कारण दोन्हींसाठी बोलायची भाषा वेगळी आहे. मग काकांचा पुतण्या पहिल्यांदा बोलला. त्याने सांगितले की, काकांच्या गल्ल्यात तंबाखूशिवाय बिस्किटे, वह्या-पेन आणि मोबाईलचे रिचार्ज यांचेही पैसे असतात, आणि एस.टी. थांब्याजवळ जागा मिळाली तर त्यांचा धंदा बुडणार नाही. निवेदन कसे लिहायचे, हे त्याच दिवशी ठरले: आधी कायदा काय म्हणतो ते, मग आम्ही काय मोजले आणि कसे मोजले ते, मग आमची नेमकी मागणी, आणि शेवटी त्या माणसाचे नुकसान होऊ नये म्हणून पर्यायी जागेची विनंती. विशेषणे एकही नाही.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मतदारच बसतात, मुलांना मत नाही. म्हणून निवेदनावर मुलांच्या सह्या आणि ते मांडायला चार पालक, अशी व्यवस्था केली. मुले मागे सतरंजीवर बसली होती. निवेदन वाचून झाल्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी, “पोरं शाळंत शिकायला जात्यात का मोजमापं काढायला?” असे विचारले आणि थोडा हशा झाला. तेव्हा त्या मुलीचे वडील, ज्यांना झटका आला होता, ते हळूहळू उठून उभे राहिले. अँजिओप्लास्टीनंतर ते पहिल्यांदाच ग्रामसभेला आले होते. ते फक्त एवढेच म्हणाले, की मी पहिला मावा याच शाळेच्या मागं खाल्ला, नववीत हुतो. सभा शांत झाली. ठराव झाला. जागा प्रत्यक्ष मिळायला मात्र दिवाळी उलटून गेली. मधल्या काळात मुलांनी दोनदा स्मरणपत्र दिले, कारण ठराव झाला म्हणजे काम झाले नाही, हे त्यांना एव्हाना समजले होते. शाळेभोवती 91 मीटरवर पिवळी रेषा मुलांनीच आखली आणि फाटकावर नियमाप्रमाणे फलक लावला. टपरी थांब्याजवळ गेली. तिथे मावा अजूनही मिळतो. पण गणवेशातल्या मुलाला काका देत नाहीत, हे पुतण्या शपथेवर सांगतो, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे.

शाळांच्या 50 मीटर परिसरात जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियमही मुलांना सापडला होता. त्याच टेपने तेही मोजू, असा त्यांचा आग्रह होता. मी त्यांना थांबवले. एका वर्षात एकच लढाई पुरी करावी, असे मला वाटले. काही मुले त्यावर माझ्यावर रुसली, आणि कदाचित त्यांचेच बरोबर असेल.

मी त्यांना थांबवले, तशी त्यांची पुढची मागणी आम्हा शिक्षकांच्याच नावाने आली. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार व्यायाम सांगते. मुलांनी चार आठवडे वेळापत्रक तपासले. पी.टी.चे आठ तास लावलेले होते, त्यांपैकी तीनच मैदानावर झाले. उरलेल्या पाचांपैकी चार गणिताने आणि इंग्रजीने, तर एक माझ्या विज्ञानाने घेतला होता. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ती नोंद आणि विनंतीचा अर्ज ठेवून मुले बाहेर उभी राहिली. शिक्षकांच्या बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. दहावीच्या तयारीचे काय, असे सहकाऱ्यांनी विचारले, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. अखेर नववीपर्यंतचा पी.टी.चा तास कोणीही मागून घ्यायचा नाही, असे ठरले. दहावीचा निर्णय पुढच्या वर्षावर ढकलला गेला. ज्या तासांना मी माझे समजत होते, त्यातील एक मी मुलांना परत केला, हे मला इथे लिहिलेच पाहिजे.

जानेवारीत त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मिरजेचे एक डॉक्टर शाळेत आले. प्रतिबंधाच्या तासाला उपचाराचा विषय कशासाठी, असे एका पालकांनी विचारले, परंतु मुलांना ते हवे होते. छातीत दाबल्यासारखे वाटणे, घाम फुटणे, दुखणे जबड्याकडे, पाठीकडे, हाताकडे पसरणे, पोटाच्या वरच्या भागात जळजळणे, अशी लक्षणे असतील तर पित्ताची वाट पाहायची नाही. 2014 पासून राज्यभर चालू असलेल्या 108 क्रमांकावर फोन करायचा, माणसाला चालवत न्यायचे नाही. आणि माणूस निपचित पडून श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. डॉक्टरांनी रबरी पुतळा आणला होता. ती मुलगी सगळ्यांत शेवटी पुढे आली. गुडघ्यांवर बसून, कोपरे ताठ ठेवून तिने दाब द्यायला सुरुवात केली आणि मोठ्याने मोजत राहिली. दोन मिनिटे झाल्यावर डॉक्टरांनी थांब म्हटले, तरी ती आणखी काही वेळ थांबली नाही. मग हात काढून तिने मनगटे चोळली आणि म्हणाली, की एवढं दमायला होतं हे माहीत नव्हतं, दुसरं कोणीतरी लगेच बदलायला पाहिजे. डॉक्टरांनी मान डोलावली आणि प्रत्येकी दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, हे पुढच्या गटाला तिलाच सांगायला लावले.

ती घरी आईशी पुन्हा बोलू लागली हे मला आधीच कळले होते, कारण सप्टेंबरमध्ये तिच्या डब्यात आईच्या हातची भाकरी आणि भाजी परत दिसू लागली होती. घरातील चुलीचे काम तिने आईकडून थोडे स्वतःकडे घेतले होते. आमटीला फोडणी आई देते, मीठ मुलगी घालते, अशी त्यांची वाटणी झाली होती. आप्पांनी पहिले आठ दिवस जेवण अळणी आहे म्हणून कुरकुर केली, पण ताटात वरून मीठ घ्यायची बरणी तिने माडीवर नेऊन ठेवली होती आणि जिना चढायचा त्यांना कंटाळा येत असे.

वार्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिने मला एक रिकामा पुडा आणून दिला. घडी घालून दप्तरात ठेवल्यामुळे त्यावरची शाई थोडी पुसटली होती. फोडल्याची तारीख आणि संपल्याची तारीख, मध्ये 34 दिवस. माणसे पाच. खाली पेन्सिलीने भागाकार केला होता, 5.9 ग्रॅम, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते: चटणीतले मीठ वेगळे, ते अजून मोजायचे आहे.